बाग, कचरा आणि माझा ब्रश

३ फेब्रुवारी

संचालकांनी आज सकाळी मला बोलावून घेतलं, बसायला सांगितलं आणि चहा मागवला. दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच घडल्या. मग म्हणाले, "तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची एका नव्या विभागाला फार गरज आहे." नवा विभाग म्हणजे मुंग्या. जिवंत मुंग्या, काचपेट्यांमध्ये, लोकांना बघण्यासाठी.

मी आजवर या संग्रहालयाचं भांडार सांभाळलं. भांडारातून एखादी वस्तू बाहेर न्यायची तर आधी लेखी कारण, मग सह्या, मग दोन कुलपं. त्यामुळे माझ्या कारकिर्दीत एकही वस्तू हरवली नाही. खरं तर फारशा वस्तू बाहेरच गेल्या नाहीत. सगळे मला प्रेमाने 'कुलूपकाका' म्हणतात. आता माझ्या जागी एक तरुण बाई आल्या आहेत. "भांडाराची तुम्ही अजिबात, अजिबात काळजी करू नका," असं संचालक इतक्या कळकळीने म्हणाले की माझे डोळे पाणावले.

अट मात्र त्यांनी स्पष्ट सांगितली. ३० मार्चला विभाग लोकांसाठी उघडायचा. तोवर मुंग्या जगल्या तर ठीक. नाही जगल्या तर त्या खोलीत कॉफीचं दुकान निघेल आणि मला, म्हणाले, विश्रांती. 'विश्रांती' म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते. मला निवृत्त व्हायला अजून अवकाश आहे आणि विश्रांतीचा मला मनापासून तिटकारा आहे.

खोली तळमजल्यावर, मागच्या फाटकाला लागून आहे. बाहेर सगळ्या इमारतीचे कचऱ्याचे डबे असतात, पण खिडकी चांगली मोठी आहे. घरी येऊन धाकटीला सांगितलं. धाकटी म्हणजे माझी बहीण. आम्ही दोघंच राहतो. ती घरीच पडदे शिवण्याचा व्यवसाय करते.

"पगार वाढला का रे?" तिने विचारलं.

"जबाबदारी वाढली."

"बरं," ती म्हणाली आणि मशीन चालवत राहिली.

५ फेब्रुवारी

मुंग्या आल्या. विद्यापीठातल्या एक बाई त्यांना घेऊन आल्या. त्यांनी मुंग्यांवरच डॉक्टरेट केली आहे, पण फाटकावरच्या पहारेकऱ्याने "मुंगीबाई आल्यात" अशी वर्दी दिली आणि तेच नाव त्यांना चिकटलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पेट्या उतरवताना त्या आतल्या मुंग्यांशीच बोलत होत्या, "झालं, झालं, पोचलो बरं का."

नळ्यांनी जोडलेल्या तीन काचपेट्या आहेत. पहिलीत आपण ताजी पानं ठेवायची. मोठ्या मुंग्या ती कापतात आणि तुकडे डोक्यावर धरून नळीतून मधल्या पेटीत नेतात. मला वाटलं होतं, पानं खात असतील. तसं नाही. मधल्या आकाराच्या मुंग्या तुकडे चावून त्यांचा लगदा करतात, आणि अगदी बारीक, डोळे ताणून बघाव्या लागणाऱ्या मुंग्या त्या लगद्यावर पांढरी बुरशी वाढवतात. ही बुरशी म्हणजे त्यांची बाग. तिच्यावरच सगळ्यांचं पोट चालतं. राणी त्या बागेच्या पोटात कुठेतरी बसलेली असते. बागेतला चोथा, सडका भाग आणि मेलेल्या मुंग्या तिसऱ्या पेटीत जातात. ती कचऱ्याची खोली.

"बाग मेली की संपलं," मुंगीबाई म्हणाल्या. "दुसरं काही त्यांना चालत नाही. तुमचं काम तसं सोपं आहे. रोज ताजी पानं द्या, हवेत थोडा ओलावा ठेवा आणि बाकीच्या दोन पेट्यांची झाकणं उघडू नका. आतलं त्यांचं त्या बघतात."

मी मान डोलावली. भांडारात येणारे लोकही असंच म्हणायचे, की आतलं आमचं आम्ही बघतो. त्यांच्यावर विसंबलो असतो तर झालंच होतं कल्याण.

६ फेब्रुवारी

आज कामाचा तक्ता करायला घेतला. कोण कोणाला काम सांगतं हे एकदा कळलं की पुढचं सोपं. राणी सांगत असेल असं धरून चाललो होतो, म्हणून खात्री करायला मुंगीबाईंना फोन केला.

"राणी फक्त अंडी घालते हो," त्या म्हणाल्या. "बाहेर काय चाललंय याचा तिला पत्ताही नसतो."

"मग हुकूम कोण देतं?"

"कुणीच नाही. समोर काम दिसलं की जी जवळ असते ती करते. वासावरून कळतं त्यांना."

फोन ठेवला आणि मनात म्हटलं, फार शिकलेल्या माणसांच्या नजरेतून कधीकधी साधी गोष्ट सुटते. दुपारी मला मुकादम सापडलाच. बागेच्या नळीच्या तोंडाशी एक थोराड मुंगी उभी असते. स्वतः काडीचं काम करत नाही, नुसत्या मिशा हलवते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघते. ही लक्षणं मी जन्मभर पाहिली आहेत. तिच्याच आसपास बऱ्याच मुंग्या नुसत्या बसून असतात. त्यांची नोंद मी 'कामचुकार' या रकान्यात केली.

मुंग्यांना अंधार लागतो, म्हणून धाकटी पडद्याचं माप घ्यायला आली होती. त्याच वेळी नळ्यांचे सांधे तपासायला आणि खिडकीच्या काचेचं माप घ्यायला काचवालाही आला. चाळिशी उलटलेला, नीटनेटका, कमी बोलणारा माणूस आहे. दोघांना एकाच खिडकीचं माप घ्यायचं होतं, त्यामुळे बराच वेळ मोडला.

१० फेब्रुवारी

तिसऱ्या पेटीतला ढीग बघवेना. लोक पैसे देऊन येणार आणि त्यांना दिसणार काय, तर काळपट चोथा आणि मढी! भांडारातून येताना मी माझा मऊ केसांचा ब्रश बरोबर आणला होता. जुन्या मूर्तींच्या नाकाडोळ्यांतली धूळ झाडायला यासारखा ब्रश नाही. झाकणं उघडू नका असं मुंगीबाई म्हणाल्या होत्या, पण ते धसमुसळ्या लोकांसाठी. माझ्या हातून आजवर मूर्तीचा टवकासुद्धा उडालेला नाही.

अलगद झाकण काढलं, ढिगाच्या कडा झाडून एका कोपऱ्यात नीट लावल्या. पेटी लख्ख दिसू लागली. हात चालू होताच, तर मधल्या पेटीतही बागेभोवती ब्रश फिरवून घेतला.

इथे मात्र अनुभव वेगळा आला. कचऱ्यातल्या मुंग्यांनी ब्रशकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बागेतल्या त्याच्यावर तुटून पडल्या, केस उपटून काढले. इतक्या मायेने कुणी घर झाडून द्यावं आणि हे बक्षीस! शिस्तीची सवय नाही, होईल हळूहळू. उद्यापासून रोज सकाळी दोन्ही पेट्या झाडायच्या.

१४ फेब्रुवारी

काचवाला परत आला. नळीचा एक सांधा बघायचा राहिला होता म्हणे. योगायोगाने धाकटी पडद्याच्या कड्या लावायला आली होती. त्याने तासभर सांधा बघितला. कामात इतका संथ माणूस मी पाहिला नाही.

ब्रशला मुंग्या अजून चावतात.

१८ फेब्रुवारी

बागेच्या एका बाजूला हिरवट करडी बुरशी दिसते आहे. ही त्यांची पांढरी नव्हे, ही परकी. उष्टं अन्न विसरलेल्या डब्यात येते तशी. मला धस्स झालं. स्वच्छता कमी पडते आहे, दुसरं काय! उद्यापासून ब्रश दोन वेळा.

मुंगीबाईंना फोन करावासा वाटला, पण अजून पंधरवडाही नाही झाला आणि मी रडत जायचं म्हणजे बरं दिसत नाही. संध्याकाळी त्यांचाच फोन आला तेव्हा "सगळं उत्तम" म्हणालो. जेवताना धाकटी म्हणाली, "दादा, तू आमटीत चमचा नुसता फिरवतोयस." खरंच फिरवत होतो.

२४ फेब्रुवारी

करडी बुरशी पसरली. बागेचा पाव भाग गेला. मी दोन वेळा झाडतो आहे, झाकणं पुसतो आहे, आणि जितकं झाडावं तितकं वाढतंय. संचालक दारातून डोकावून गेले. मी त्यांच्या आणि पेटीच्या मध्ये उभा राहून हवामानाबद्दल बोललो.

काचवाला एका नळीची लांबी परत मोजून गेला. तीच नळी त्याने मागे दोनदा मोजली आहे. इतक्या विसराळू माणसाला कामं मिळतात तरी कशी?

२७ फेब्रुवारी

आज जे दिसलं ते लिहिताना हात जड झाला आहे, पण लिहितो.

सकाळी ब्रश घेऊन बसलो आणि झाडायचा धीर होईना, म्हणून नुसताच बघत राहिलो. बाग आणि कचऱ्याची खोली जोडणाऱ्या नळीला मध्ये एक वळण आहे. बागेतली मुंगी चोथ्याचा गोळा घेऊन वळणापर्यंत येते, तो खाली ठेवते आणि माघारी जाते. ती गेली की पलीकडून कचऱ्यातली मुंगी येते आणि गोळा उचलून नेते. दोघींची गाठ पडत नाही. एक ठेवते, दुसरी उचलते. मला हे काम दोनदा होतंय असं वाटून मी तक्त्यात 'वेळेचा अपव्यय' लिहून ठेवलं होतं.

एवढ्यात कचऱ्यातली एक मुंगी वाट चुकून वळणाच्या अलीकडे आली. बागेतल्या चौघीपाचजणी तिच्यावर तुटून पडल्या. पाय धरून ओढलं, चावल्या आणि तिला मागे हाकलून दिलं. अगदी माझ्या ब्रशला चावतात तशा.

माझ्या हातातला ब्रश मी तिथेच खाली ठेवला.

त्या बिचाऱ्या कचऱ्याची घाण बागेत येऊ नये म्हणून इतका आटापिटा करतात, स्वतःच्या बहिणीलाही आत घेत नाहीत. आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ कचऱ्यात बुडवलेला ब्रश थेट बागेवर फिरवत होतो. मला वाटायचं, मी झाडतोय. मी रोग वाटत होतो.

मुंगीबाईंना फोन करून सगळं सांगितलं.

"झाकण उघडत होतात?" त्या म्हणाल्या.

"हो."

"रोज?"

"दोनदा."

"आणि दोन्हीकडे ब्रश एकच?"

"चांगला ब्रश आहे हो," माझ्या तोंडून निघून गेलं.

 मला वाटलं होतं त्यापेक्षा मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "कचऱ्याची पेटी लांब न्या. मधली नळी लांब करून घ्या. ताजी पानं द्या. आणि आता खरंच हात लावू नका. वाचवली तर त्याच वाचवतील." वाचवतील का, असं विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाल्या.

२ मार्च

रविवार असूनही काचवाला आला. नवी लांब नळी त्याने स्वतः वाकवून आणली होती. कचऱ्याची पेटी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली गेली. त्याने मुंग्यांना धक्का लागू न देता हे केलं. त्याच्याविषयी काहीबाही लिहिलंय मागे, ते मागे घेतो. धाकटी कंदील धरून उभी होती. खोलीत विजेचे दिवे आहेत, पण ती म्हणाली उजेड कमी पडतो.

ब्रश धाकटीच्या ताब्यात दिला आणि कुठे ठेवलास ते मला सांगू नकोस म्हणालो.

५ मार्च

काही न करणं इतकं दमवतं हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी पानं ठेवतो, पाण्याची वाटी भरतो, संपलं काम. मग दिवसभर खुर्चीत, हात मांडीखाली. एकदा हात आपोआप झाकणाकडे गेला तेव्हा उठून बाहेर गेलो आणि इमारतीचे कचऱ्याचे डबे धुऊन काढले. पहारेकऱ्याने विचारलं, बरं आहे ना?

आत मात्र धांदल उडाली आहे. मुंग्या बागेचा सडका भाग कुरतडून काढताहेत आणि वळणापर्यंत नेऊन ठेवताहेत. मी ज्यांना कामचुकार लिहिलं होतं त्या सगळ्या उठून कामाला लागल्या आहेत. त्या रिकाम्या नव्हत्या, राखीव होत्या. माझा मुकादमसुद्धा आपल्याएवढा सडका तुकडा ओढत चाललेला पाहिला. तक्ता फाडून टाकला.

१३ मार्च

वाईट दिवस. बाग मुठीएवढी उरली आहे. रोज इतकं काढून टाकतात की बागच संपवणार की काय असं वाटतं. कचऱ्याच्या खोलीत डोंगर झाला आहे.

दुपारी एक गृहस्थ टेप घेऊन आले आणि खोलीची लांबी-रुंदी मोजू लागले. मला वाटलं काचवाल्याने कुणाला पाठवलं. ते कॉफीच्या दुकानाचे निघाले. "फळी कुठे बसेल ते बघतोय," म्हणाले आणि बागेच्या पेटीवर बोट आपटलं. मी आयुष्यात कुणावर ओरडलो नव्हतो, त्यांच्यावर ओरडलो. 

घरी धाकटीने विचारलं, काय झालं. म्हणालो, मी मुंग्यांना मारलं, ग. तिने मशीन थांबवलं आणि शेजारी येऊन बसली. तेच बरं वाटलं.

१७ मार्च

बाग अजून तेवढीच. कमी झालेली नाही, हे मी चार वेळा स्वतःला सांगितलं.

मुंगीबाई बघायला आल्या होत्या. सहज विचारलं, त्या कचऱ्याच्या खोलीत काम करणाऱ्या कोण असतात? तिथे जायचं कुणी, हे कसं ठरतं?

"म्हाताऱ्या असतात त्या," त्या म्हणाल्या. "मुंगी लहान असते तेव्हा बागेत काम करते, मग पानं आणायला बाहेर जाते, आणि वय झालं की बऱ्याचजणी शेवटी कचऱ्याकडे. तिथे रोगाचा धोका असतो ना. तरुण मुंगी गेली तर वसाहतीचं नुकसान. म्हातारी गेली तर तेवढं नाही."

मी "असं का" म्हणालो. त्या गेल्या आणि मी खुर्चीत बसून खोलीकडे पाहिलं. तळमजला. मागचं फाटक. खिडकीबाहेर कचऱ्याचे डबे. मग तो चहा आठवला, 'अजिबात काळजी करू नका' आठवलं, आणि 'कुलूपकाका' हे नाव लोक कोणत्या सुरात घेतात तेही. मला बढती मिळालेली नव्हती. मला खूप वाईट वाटलं. जेवलो नाही.

धाकटीला सांगितलं तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. "तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दादा, फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका खूश होतास. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरी येऊन कामाबद्दल काहीतरी मजेदार सांगायचास." मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्या नीट करतात का रे काम?"

मी म्हणालो, उत्तम करतात. ढीग सतत वरखाली करत राहतात, मढी एका बाजूला, चोथा एका बाजूला, कधी थांबत नाहीत. त्यांनी एक दिवस सुट्टी घेतली तर बाग बुडेल. हे बोलताना मला भूक लागली.

२१ मार्च

पांढरं! बागेच्या वरच्या कडेला, नव्या पानांच्या लगद्यावर, कापसासारखं पांढरंशुभ्र! भिंग घेऊन पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं, पहारेकऱ्याला ओढत आणून त्यालाही दाखवलं. करडा डाग कुठेच नाही. मुंगीबाईंना फोन केला आणि आनंदात मला बोलताच येईना, तर त्याच म्हणाल्या, "पांढरं दिसलं ना?"

जीव भांड्यात पडला. घरी जाताना धाकटीसाठी फुलं घेतली. घरी आधीच फुलं होती. कुणी दिली विचारलं तर म्हणाली, गिऱ्हाइकाने. पडद्यांचा धंदा बरा चाललेला दिसतो.

२६ मार्च

संचालक पाहणीला आले. बाग बघून खूश झाले. मग खिडकीखालच्या पेटीपाशी गेले आणि त्यांचं नाक आक्रसलं.

"हे काय?"

"कचऱ्याची खोली."

"उद्घाटनाला पाहुणे येणार. त्यांना कचरा दाखवायचा? झाकून टाका. तुमच्या भगिनींना सांगा, एक काळा पडदा."

फेब्रुवारीत मी स्वतःच तो झाकला असता. आज म्हणालो, "नाही झाकणार."

"काय म्हणालात?"

"साहेब, ही खोली चालते म्हणून ती बाग जगते. अर्धीच गोष्ट दाखवायची असेल तर नुसता कुंडीत मनीप्लांट ठेवा. आणि इथे कोण काम करतात ते मला कळलंय. मी इथे का आहे तेही कळलंय. माझी तक्रार नाही. पण हे झाकायचं नाही."

संचालकांचे कान लाल झाले. म्हणाले, पडदा शिवून घ्याच. घरी येऊन धाकटीला निरोप दिला. ती म्हणाली, "काळं कापड संपलंय." कपाटात काळ्या कापडाचा अख्खा गठ्ठा दिसत होता. मी तो दाखवला तर म्हणाली, "ते संपलेलंच आहे, दादा." माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला.

२८ मार्च

आज घरी आलो तर काचवाला आमच्या स्वयंपाकघरात बसलेला, हातात माप घ्यायची पट्टी. मी म्हणालो, "अहो, सगळ्या काचा बसून झाल्या की. आता कसलं माप?"

तो उभा राहिला, पुन्हा बसला. धाकटीच म्हणाली, "अंगठीचं."

"कोणाच्या?"

"दादा!"

दोघं माझ्याकडे बघत होते आणि मी त्या पट्टीकडे. मग एकेक गोष्ट आपसूक उलगडत गेली: सांधे, कड्या, कंदील, फुलं. मुंगीच्या मिशीची हालचाल मी भिंगातून टिपली आणि हे माझ्या नाकासमोर चाललं होतं! मला हसू आलं ते आवरेना. मग तो हसला. तो हसतो हे मला माहीत नव्हतं.

लग्न करून ती त्याच्याकडे जाणार, दोन गल्ल्या पलीकडे. मला आनंद झाला. तो गेल्यावर शिलाई मशीनकडे लक्ष गेलं आणि मी उगाच त्यावरची धूळ पुसत बसलो, तेही खरं. लग्नाचा कामाचा तक्ता करून देतो म्हणालो, तर ती म्हणाली, "तू फक्त ये."

३० मार्च

झालं उद्घाटन!

संचालकांनी फीत कापली, बागेसमोर उभं राहून चांगलं भाषण केलं. लोकांनी बाग बघितली, पानांची मिरवणूक बघून टाळ्या वाजवल्या. पण खिळून राहिले ते खिडकीखालच्या, पडदा नसलेल्या पेटीपाशी. आजीपासून नातवापर्यंत सगळे काचेला नाक लावून. रांग लागली. एकजण बायकोला म्हणाला, "बघ, एक वळणावर ठेवते, दुसरी उचलते. भांडण नाही." बायको म्हणाली, "दुसरी उचलते म्हणून भांडण नाही." सगळे हसले. मुंगीबाई मागे उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मुंग्या गाडीतून उतरवताना बोलत होत्या तसंच काहीतरी त्यांच्याशी पुटपुटल्या.

एका वृद्ध बाईंनी विचारलं, "तुम्ही यांचं सगळं करता?" मी म्हणालो, पानं आणि पाणी. बाकी काहीही करत नाही, आणि ते शिकायला मला फार कष्ट पडले.

गर्दी ओसरल्यावर संचालक आले. पडद्याचा विषय त्यांनी काढला नाही. म्हणाले, "वर येता का परत? भांडारात कुणाला काही सापडत नाहीये. सगळं सगळीकडे गेलंय. तुमच्या काळात वस्तू मिळायची नाही, पण आहे एवढं तरी माहीत असायचं. स्वतंत्र खोली देतो. दारावर नाव. ही खोली बघायला कुणीतरी मिळेल."

पहिल्या दिवसापासून मी आतून हेच ऐकायची वाट बघत होतो, हे मला त्या क्षणी कळलं. मी म्हणालो, "उद्या सांगतो."

घरी आल्यावर धाकटीला हे सांगितलं. ती पदराला हात पुसत समोर येऊन बसली.

"मग? काय सांगणार?"

"नाही म्हणणार. त्या म्हाताऱ्यांना सोडून कुठे जाऊ?"

"अरे, मग आजच का नाही सांगितलंस?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा वरच्या मजल्यावर कुणीतरी माझी वाट बघतंय," मी म्हणालो. "बघू दे की एक रात्र."